कोलंबियेवरील मत्स्यमृगया

इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकास रुड्यार्ड किप्लिंग हा हिंदुस्थानाविषयीं लिहिणारा लेखक म्हणून परिचित असतो. त्याचा जन्म मुंबईचा, हेंहि बहुतेकांना ठाऊक असतें. परंतु १८८९ सालीं हिंदुस्थान सोडून जपानमार्गें अमेरिकेस गेलेल्या या तरुण बातमीदारानें ऑरेगॉन प्रांतांतील क्लॅकमस नदीवर गळानें सामन मासे धरले, आणि त्या दिवसाचें वर्णन करतांना त्याची लेखणी आनंदानें बेभान झाली, ही गोष्ट फारसें कोणी ध्यानांत ठेवीत नाहीं. त्याच प्रवासांत त्यानें कोलंबिया नदीवर मासे उपसणारें चक्र व मासे डब्यांत भरण्याचा कारखानाहि पाहिला, आणि रक्तानें माखलेल्या त्या जागेचें चित्रहि तितक्याच ठसठशीतपणें काढलें. एकीकडे एका माशाशीं एका मनुष्याची झुंज, दुसरीकडे यंत्रानें उपसलेल्या माशांच्या राशी. या दोन चित्रांच्या मधल्या जागेंतच त्या नदीचा गेल्या दोन शतकांचा इतिहास सांठविलेला आहे.

हें सर्व आठवण्याचें निमित्त असें झालें कीं, त्या प्रांतांत स्थायिक झालेल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें ऑगस्टअखेरच्या मासेमारीच्या सफरीचा बेत आम्हांस लिहून पाठविला. सहलीचा बेत म्हणून आम्हीं तो उघडला, तर तो एखाद्या दस्तऐवजासारखा निघाला. परवाना अमक्या प्रकारचा. शेपटीजवळचा लहानसा मांसल पर कापलेला असेल तोच स्टीलहेड घरीं न्यावयाचा, अखंड पराचा मासा पाण्यांत परत सोडावयाचा. बॉनव्हिल धरणावरील माशांची रोजची गणना पाहून दिवस ठरवावयाचा. आणि अधिकाऱ्यांनीं ऐन वेळीं नियम बदलल्यास सर्व बेत रद्द समजावयाचा. शेवटीं त्यानें विचारलें होतें : “सर, नदी वाहती, मासा रानचा, मग एवढी बंधनें कशासाठीं?” प्रश्न सहज केलेला असला तरी त्याचें उत्तर सहज देण्यासारखें नाहीं.

प्रथम माशाविषयीं दोन शब्द. आपल्या रावसाला इंग्रजींत ‘इंडियन सामन’ म्हणत असले तरी दोहोंचें कूळ अगदीं निराळें आहे. सामन गोड्या पाण्यांत जन्मतो, समुद्रांत वाढतो आणि अंडीं घालण्यासाठीं आपल्या जन्मस्थानाकडे परत येतो. पॅसिफिकचा सामन अंडीं घातल्यावर मरतो. स्टीलहेड मात्र कधीं कधीं तगून पुन्हा समुद्राची वाट धरतो. निलगिरीच्या ओढ्यांत इंग्रजांनीं आणून सोडलेला इंद्रधनुषी ट्राउट हा या स्टीलहेडचाच, समुद्रास न जाणारा, भाऊबंद होय. उन्हाळा उतरणीस लागला कीं चिनूक जातीचे मोठे सामन कोलंबियेच्या मुखांत शिरतात आणि सप्टेंबरच्या पूर्वार्धांत बॉनव्हिलपाशीं त्यांची गर्दी होते. त्याच सुमारास स्टीलहेडहि वर चढत असतो. म्हणून गळ टाकणाऱ्यांचा हाच पर्वकाळ.

हा पर्वकाळ ओळखून बेत आंखणारे पहिले लोक अर्थात् तेथील मूळचे रहिवासी. सेलिलो येथें कोलंबिया खडकांच्या चिंचोळ्या वाटांतून खालीं कोसळत असे. तेथें लांकडी मचाणांवर उभें राहून लांब दांड्याच्या जाळ्यांनीं सामन धरण्याची वहिवाट कित्येक सहस्र वर्षांची होती. १८०५ च्या ऑक्टोबरांत लुइस व क्लार्क यांची तुकडी त्या भागांत पोंचली, तेव्हां वाळवून कुटलेल्या माशांच्या टोपल्यांच्या राशी त्यांनीं पाहिल्या. तो निव्वळ शिधा नव्हता. दूरदूरच्या जमातींशीं चालणाऱ्या व्यापाराचें तें नाणें होतें. १८५५ सालीं याकामा, उमाटिला, नेझ पर्स, वॉर्म स्प्रिंग्ज इत्यादि लोकांकडून अमेरिकन सरकारनें तहांनीं अफाट भूमि घेतली. भूमि देतांना त्या लोकांनीं एक गोष्ट मात्र सोडली नाहीं. आपल्या नेहमींच्या जागीं, नव्या नागरिकांच्या बरोबरीनें, मासे धरण्याचा हक्क त्यांनीं तहांत लिहून ठेवविला.

या कलमाची शाई वाळून अकरा वर्षें होतात न होतात तोंच, १८६६ सालीं, ह्यूम बंधु व हॅपगुड यांनीं कोलंबियेवर पहिला डबेबंदीचा कारखाना काढला. पहिल्या वर्षीं सुमारें चार हजार पेट्या निघाल्या. १८८३ च्या सुमारास हा आंकडा सहा लक्षांवर गेला. प्रत्येक पेटींत एक पौंडाचे अठ्ठेचाळीस डबे असत, म्हणजे लुटीचें मान ध्यानांत येईल. त्यानंतर चिनूकची आवक घटूं लागली व कारखानदार अन्य जातींच्या माशांकडे वळले. प्रवाहाच्याच जोरावर फिरून मासे उपसणारीं चक्रें ऑरेगॉननें १९२६ सालीं व वॉशिंग्टननें १९३४ सालीं बंद केलीं. परंतु तोंवर पुष्कळ उशीर झालेला होता.

याच चक्रांवरून एक महत्त्वाचा खटला उभा राहिला. नदीकांठची जमीन विकत घेऊन चक्रें बसविणाऱ्या विनन्स बंधूंनीं याकामा लोकांस तेथें जाण्यास मज्जाव केला. १९०५ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, मासे धरण्याचा हक्क हें सरकारनें या लोकांना दिलेलें दान नव्हे; तो मूळचा त्यांचाच, आणि जमीन देतांना त्यांनीं तो राखून ठेवलेला आहे. आमच्या मतें या इतिहासाचें मर्म याच भेदांत आहे. दिलेलें दान परत घेतां येतें. राखून ठेवलेल्या वस्तूवर देणाऱ्याघेणाऱ्याची भाषा चालत नाहीं.

पण निकालानें हक्क राखला तरी मासा कोण राखणार? १९३८ सालीं बॉनव्हिलचें धरण कामास लागलें. त्यांत माशांना चढण्यासाठीं पायऱ्यापायऱ्यांचीं कुंडें ठेवलीं होतीं, व तेव्हांपासूनच तेथें माशांची गणना चालू आहे. पुढें ग्रँड कूलीच्या प्रचंड भिंतींत मात्र अशी वाटच ठेवली नाहीं, आणि तिच्या वरच्या शेंकडो मैलांच्या पाण्यांतून सामन नाहींसा झाला. १९४० च्या जूनमध्यें, केटल फॉल्स हें मासेमारीचें स्थान बुडण्यापूर्वीं, अनेक जमाती तेथें शोक करण्यासाठीं जमल्या होत्या. १९५७ च्या मार्च महिन्याच्या दहाव्या दिवशीं डॅल्स धरणाचे दरवाजे बंद झाले आणि कांहीं तासांतच सेलिलोचा धबधबा, मचाणांसकट, पाण्याखालीं गेला. भरपाईचे पैसे मिळाले. परंतु धबधब्याची गर्जना कोणत्या दरानें मोजावयाची?

त्यानंतरची पिढी पुन्हा न्यायालयांत गेली. १९६९ सालीं न्यायमूर्ति बेलोनी यांनीं तहांतील लोकांस माशांचा न्याय्य वांटा मिळाला पाहिजे असें ठरविलें. १९७४ सालीं न्यायमूर्ति बोल्ट यांनीं वॉशिंग्टनच्या पश्चिम भागापुरता तो वांटा धरण्याजोग्या माशांचा निम्मा, असा अर्थ लाविला, आणि १९७९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो मुख्यत्वें उचलून धरला. परंतु वांटणीस माल उरेल तरच वांट्याला अर्थ. १९९२ सालीं आयडाहोंतील रेडफिश सरोवरास, समुद्रापासून सुमारें नऊशें मैल चढून, सॉकाय जातीचा केवळ एक नर मासा परतला! २०२१ सालीं बॉनव्हिलवरून गेलेल्या उन्हाळी स्टीलहेडची संख्या १९३८ पासूनच्या अगदीं खालच्या आंकड्यांपैकीं होती.

आतां आमच्या विद्यार्थ्याचा बेत पुन्हा वाचावा. ज्याचा पर कापलेला तो मासा मनुष्यानें हौदांत उबवून सोडलेला. नदीनें स्वतः जन्मास घातलेले इतके थोडे उरले आहेत कीं त्यांना हात लावण्याची सोय नाहीं. रोजची गणना आहे, कारण आतां नदीला दरवाजे आहेत. नियम ऐन वेळीं बदलतात, कारण वांटणी प्रत्यक्ष आलेल्या माशांची करावयाची असते. धरणांमागें सांठून तापलेल्या पाण्यापासून बचाव करण्यासाठीं स्टीलहेड उपनद्यांच्या थंड मुखांशीं थबकतो. तेथें गळ टाकणें सर्वांत सोपें, आणि म्हणूनच कांहीं ठिकाणीं तेथें बंदी. यांतील एकहि बंधन आपोआप उत्पन्न झालेलें नाहीं. प्रत्येकामागें कोणाचा तरी लोभ, कोणाची तरी हानि आणि कोणाचा तरी चिवट प्रतिकार आहे.

हा इतिहास केवळ ऱ्हासाचाच आहे, असेंहि नव्हे. दक्षिणेकडील क्लॅमथ नदीवरचीं चार धरणें जमातींच्या दीर्घ चळवळीनंतर २०२४ सालीं पाडून झालीं, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत सामन त्या जागा ओलांडून वर गेलेला दिसला. शतकाहून अधिक काळ बंद असलेल्या वाटेवर त्याला कोणी बोलावूं गेलें नव्हतें. दार उघडल्यावर तो आला, एवढेंच.

विद्यार्थ्यास आम्हीं उत्तर लिहिलें तें थोडक्यांत असें : सफरीस अवश्य जा, किप्लिंगला लाभला तो आनंद तुलाहि लाभो. मात्र तूं ज्या पंक्तीस बसणार आहेस ती पंक्ति दुसऱ्याच्या घरची आहे, यजमानानें आपलें पान राखून ठेवून तुला शेजारीं जागा दिली आहे, हें विसरूं नकोस. त्याचें उत्तर सप्टेंबरांत आलें. अखंड पराचा एक स्टीलहेड गळास लागला, तो त्यानें पाण्याबाहेर न काढतां सोडून दिला, आणि रिकाम्या हातांनीं तो घरीं परतला. सफर फुकट गेली असें त्यानें कोठेंहि लिहिलेलें नाहीं.