ग्रीसचीं आडवळणाचीं बेटें

उन्हाळ्याची सुटी कोठें घालवावी हा प्रश्न सुशिक्षित कुटुंबांत दरवर्षीं निघतो, आणि ज्यांस परदेशगमनाची ऐपत व हौस आहे त्यांच्या तोंडीं अलीकडे ग्रीस देशाच्या बेटांचें नांव वारंवार येऊं लागलें आहे. परंतु ही चर्चा बहुधा सॅंटोरिनी आणि मिकोनॉस ह्या दोन नांवांपाशींच येऊन थांबते. निळे घुमट, पांढऱ्या भिंती आणि मावळता सूर्य ह्यांचीं चित्रें इतकीं परिचित झालीं आहेत कीं, तेथें जाणारा मनुष्य नवें कांहीं पाहण्यास जात नसून पाहिलेल्या चित्राची खात्री करून घेण्यास जातो, असें म्हणावें लागतें. गर्दीही एवढी वाढली कीं, २०२५ सालच्या जुलैपासून ग्रीक सरकारनें मोठ्या सफरी जहाजांतून उतरणाऱ्या उतारूंवर कर बसविला; ह्या दोन बेटांपुरता तो ऐन हंगामांत सर्वांत अधिक, म्हणजे माणशीं २० युरो आहे.

वास्तविक ग्रीसच्या सत्तेखालीं लहानमोठीं मिळून सुमारें ६,००० बेटें व खडक असून त्यांपैकीं सव्वादोनशेंच्या आसपास बेटांवर मनुष्यवस्ती आहे. मग निवड करावी ती कोणत्या धोरणानें? प्रवासाच्या पुस्तिका पुळणी मोजतात आणि खाणावळींची यादी देतात. आमच्या मतें त्यापेक्षां इतिहास हा अधिक चांगला वाटाड्या होय. कारण आज जीं बेटें ‘अप्रसिद्ध’ म्हणून सांगितलीं जातात, त्यांतील कित्येक एके काळीं जगाच्या हमरस्त्यावर होतीं. रस्ता बदलला आणि तीं बाजूस पडलीं, एवढेंच. तीं बाजूस कां पडलीं हें ज्यास कळलें, त्यास त्यांचें सौंदर्य निराळ्या डोळ्यांनीं दिसेल. असल्या चार बेटांची ओळख वाचकांस येथें करून देण्याचा आमचा विचार आहे.

पहिलें बेट किऑस. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानीं रूमी मस्तकी नांवाचा सुगंधी डिंक मिळतो. त्याची खरी जन्मभूमि म्हणजे ह्या बेटाचा दक्षिण भाग. तीं झुडपें भूमध्य समुद्राच्या कांठीं पुष्कळ ठिकाणीं उगवतात; पण असा डिंक नांवाजला तो येथलाच. उन्हाळा भरांत आला म्हणजे शेतकरी झाडाखालील जमीन झाडून तीवर पांढरी चुनखडीची माती पसरतात आणि सालीवर बारीक चिरा पाडतात. चिरांतून रस ठिबकतो, मातीवर पडून थिजतो, आणि मग तो गोळा करून हिवाळ्यांत घरोघरीं बायका निवडीत बसतात. त्या थिजलेल्या थेंबांस ग्रीक लोक ‘अश्रु’ असें म्हणतात. ह्या परंपरागत कसबाची युनेस्कोनें २०१४ सालीं आपल्या यादींत नोंद केली.

ह्याच डिंकानें बेटाचा इतिहास घडविला. १३४६ पासून १५६६ पर्यंत किऑसवर जिनोव्हा शहरच्या एका व्यापारी मंडळीचा अंमल होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या दोनअडीचशें वर्षें आधीं व्यापाऱ्यांच्या मंडळीनें मुलूख कसा चालवावा ह्याचा तो एक नमुनाच म्हणावयाचा. चांच्यांच्या भयानें ह्या काळांत डिंकाचीं गांवें किल्ल्यासारखीं बांधलीं गेलीं: घरास घर लागलेलें, बाहेरच्या ओळीची सलग भिंत हाच तट, आंत अरुंद कमानदार बोळ आणि मध्यभागीं बुरूज. मेस्ता हें गांव आजही तसेंच आहे. पिर्गी गांवीं तर घरांच्या दर्शनी भिंतींवर वरचा पांढरा गिलावा खरवडून खालचा काळसर थर उघडा करतात व चौकोन, त्रिकोण, वर्तुळें ह्यांची नक्षी काढतात. गल्लींतून चालतांना कोणीं रांगोळी उचलून भिंतीवर मांडली आहे कीं काय, असा भास व्हावा.

१५६६ सालीं बेट तुर्कांकडे गेलें. तरीही डिंकाच्या जोरावर त्यास पुष्कळ सवलती होत्या, आणि किऑसचे व्यापारी संपन्न होते. पुढें १८२२ च्या वसंतांत, शेजारच्या सामॉस बेटाच्या लोकांनीं येथें उतरून बंडाचें निशाण उभारलें, तेव्हां सुलतानाच्या आरमारानें त्याचा सूड सगळ्या बेटावर उगविला. हजारों लोक कापले गेले, हजारों गुलामांच्या बाजारांत विकले गेले, आणि जे वांचले ते वाट फुटेल तिकडे पळाले. डिंक देणारीं गांवें तेवढीं प्रथम पुष्कळ अंशीं वगळलीं गेलीं, कारण तो डिंक सुलतानाच्या जनानखान्यास हवा होता! देलाक्रवा ह्या फ्रेंच चित्रकारानें १८२४ सालीं ह्या कत्तलीवर काढलेलें चित्र आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत आहे. बेटाच्या मध्यभागीं डोंगरांत नेआ मोनी हा अकराव्या शतकांतील मठ आहे. तेथील सोनेरी पार्श्वभूमीवरचीं कुट्टिमचित्रें पाहून निघालेल्या मनुष्यास दाराजवळच्या लहान देवळांत त्या हत्याकांडांत मेलेल्यांच्या कवट्या कपाटांत मांडलेल्या दिसतात. सौंदर्य आणि शोक हीं दोन्हीं इतकीं जवळजवळ फार थोड्या ठिकाणीं भेटतात.

पळालेल्यांचें काय झालें, ह्याचें एक उत्तर आपल्या मुंबईंतच मिळतें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत येथील कापूसबाजारांत राली ब्रदर्स ह्या पेढीचें नांव मोठें होतें. तें राली घराणें मूळ किऑसचें. किऑसच्या व्यापारी घराण्यांच्या शाखा लंडन, मार्सेय, ओडेसा अशा दूरदूरच्या बंदरांत पसरल्या होत्या, आणि कत्तलीनंतर मायभूमि उरली नाहीं तेव्हां त्याच त्यांचा आधार झाल्या. वऱ्हाड-खानदेशच्या शेतकऱ्याचा कापूस ज्या पेढ्यांच्या हातून विलायतेस जात असे, त्यांतील एकीचें मूळ एजियन समुद्रांतील ह्या बेटांत होतें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

ह्या कथेचें दुसरें उत्तर म्हणजेच दुसरें बेट, सीरॉस. त्याच्या एका टेकडीवर मध्ययुगापासून रोमन कॅथॉलिक पंथाच्या ग्रीकांचें एक दाट गांव होतें. त्यांस फ्रान्सचें संरक्षण असल्यामुळें स्वातंत्र्ययुद्धांत बेट तटस्थ राहिलें. १८२२ नंतर किऑसचे, आणि १८२४ सालीं प्सारा बेटाचा विध्वंस झाल्यावर तेथलेही निराश्रित ह्या बंदरांत येऊन उतरले. त्यांनीं किनाऱ्यावर झोंपड्या घातल्या, वखारी बांधल्या, आणि १८२६ सालीं त्या वसाहतीस व्यापाराची देवता हर्मीस हिच्यावरून ‘हर्मूपोलिस’ असें नांव दिलें. निर्वासितांनीं वसविलेलें हें शहर पुढें कांहीं काळ नव्या ग्रीसचें पहिल्या प्रतीचें बंदर झालें. १८६१ सालीं तेथें जहाजांचा कारखाना निघाला, १८६४ सालीं अपोलो नाट्यगृह उघडलें, आणि मागाहून त्सिलर ह्या शिल्पज्ञाच्या योजनेबरहुकूम भव्य नगरभवन उभें राहिलें.

मग हें शहर विस्मृतींत कसें गेलें? आगबोटींचा जमाना आला, अथेन्सजवळील पिरेयस बंदर वाढलें, १८९३ सालीं कॉरिंथचा कालवा खुला झाला, आणि जलमार्गच बदलले. सीरॉसला नवीं घरें पाडून बांधण्याइतका पैसा उरला नाहीं. म्हणूनच तीं जुनीं राहिलीं. आज संगमरवरी फरसबंदीच्या चौकांत उभें राहून वर पाहिलें म्हणजे एका टेकडीवर कॅथॉलिकांचें आणि दुसरीवर सनातनी पंथाचें देऊळ दिसतें. दोन्हीं पंथ येथें ईस्टरचा सण एकाच दिवशीं पाळतात. येथील एका देवळांत लोक पिढ्यान्‌पिढ्या एका मूर्तिचित्रापुढें मेणबत्त्या लावीत असत. १९८३ सालीं त्यावर सही सांपडली ती डोमेनिकॉस थिओटोकोपुलॉस, म्हणजे जगप्रसिद्ध एल ग्रेको ह्याची! तें चित्र प्साराच्या निराश्रितांनीं बरोबर आणलें असावें, असा समज आहे. घरदार सोडून पळतांना मनुष्य काय उचलतो, ह्याचें ह्याहून बोलकें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

तिसऱ्या बेटाची कथा निराळी. अमॉर्गॉस लांबट, उंच आणि खडकाळ आहे. समुद्रापासून सुमारें ३०० मीटर उंचीवर, कड्याच्या कपारींत पांकोळीच्या घरट्यासारखा चिकटलेला खोझोव्हिओतिसाचा पांढराशुभ्र मठ अकराव्या शतकापासून तेथें आहे. परंतु ह्या सुंदर बेटावर प्राचीन काळीं लोक हौसेनें येत नसत. त्यांस पाठविलें जाई. इसवी सन २४ सालची हकीकत टॅसिटस ह्या रोमन इतिहासकारानें दिली आहे. व्हिबियस सेरेनस नांवाच्या सरदारास ग्यारॉस किंवा दोनूसा ह्या बेटावर हद्दपार करावें, अशी सूचना सभेंत आली. तेव्हां बादशहा टायबेरियस म्हणाला कीं, त्या दोन्हीं बेटांवर पाणी नाहीं, आणि ज्यास जीवदान दिलें त्यास जगण्याचें साधनही दिलें पाहिजे. म्हणून त्या सरदारास अमॉर्गॉसला परत धाडण्यांत आलें.

गंमत अशी कीं, ती निर्जल दोनूसा आज शांततेच्या शोधांत असलेल्या प्रवाशांचें आवडतें ठिकाण आहे. पण सर्वच थट्टेवारी नेण्याजोगें नाहीं. विसाव्या शतकांतही ग्रीसच्या राज्यकर्त्यांनीं हीच रोमन वहिवाट चालविली. १९३६ नंतरच्या मेटॅक्सासच्या हुकूमशाहींत व पुढें यादवी युद्धाच्या काळांत फोलेगांद्रॉस, अनाफी, इकारिया इत्यादि बेटांवर राजकीय विरोधकांस ठेवीत. प्रख्यात संगीतकार मिकिस थिओदोराकिस हा इकारियावर हद्दपार होता. ग्यारॉसवरील तुरुंग १९६७ च्या लष्करी राजवटींत पुन्हां भरला गेला. ‘काळें पाणी’ हा शब्द ज्यांच्या भाषेंत आहे, त्या आम्हां मंडळींस हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. जी एकांतता कैद्यास शिक्षा म्हणून दिली, तीच आज आपण द्रव्य मोजून विकत घेतों. किनारा तोच, फरक एवढाच कीं, आपल्यापाशीं परतीचें तिकीट असतें.

चौथें बेट सॅमोथ्रेस, उत्तरेकडे एकाकी. त्याचा डोंगर १,६११ मीटर उंच आहे; ह्याच शिखरावर बसून समुद्रदेव पोसायडन ट्रॉयचें युद्ध पाहत होता, असें होमर सांगतो. येथें ‘महान देवांचें’ गूढ दीक्षास्थान होतें. अलेक्झांडरचा बाप फिलिप आणि आई ऑलिंपियस ह्यांची भेट येथील दीक्षेच्या वेळीं झाली, असें प्लुटार्कनें लिहिलें आहे. १८६३ सालीं शांप्वाझो ह्या फ्रेंच वकिलास येथील अवशेषांत पंख पसरलेल्या विजयदेवतेची मूर्ति सांपडली. ती आज लूव्रच्या जिन्यावर उभी आहे. मूर्ति पाहण्यास लाखों लोक जातात. ती जेथें वाऱ्याकडे तोंड करून उभी होती त्या दरींत मात्र ओढ्याचा आवाज ऐकूं येतो.

आतां व्यवहाराच्या दोन गोष्टी. जुलै व ऑगस्टमध्यें एजियन समुद्रावर उत्तरेचा ‘मेल्तेमी’ वारा जोरानें वाहतो व कधीं कधीं बोटी अडकून पडतात. म्हणून मे अखेर, जून किंवा सप्टेंबर हे दिवस बरे. वडील माणसें व मुलें बरोबर असतील तर सीरॉस सोयीचें. पिरेयसहून बोटीनें तें कांहीं तासांच्याच अंतरावर आहे. ज्यांस गांवें व इतिहास प्रिय आहे त्यांनीं किऑसला जावें, चालण्याची ताकद असणारांनीं अमॉर्गॉसला. आणि ज्यांस पुळणीपेक्षां डोंगर व ओढे आवडतात त्यांनीं सॅमोथ्रेसला.

कोणी म्हणेल, अशा बेटांची वाखाणणी करून तुम्हीही तेथें गर्दीच लोटीत आहां. आक्षेप खोटा नाहीं. लहान बेटाचें पाणी मोजकें, बोटी मोजक्या, आणि माणसेंही मोजकीं असतात. ज्याला तेथें केवळ छायाचित्र हवें आहे त्यानें न गेलेलेंच बरें. परंतु जो मनुष्य मस्तकीचा थेंब कसा जमतो हें पाहण्यास चार दिवस राहील, गांवच्या दुकानांतून जिन्नस घेईल आणि नेआ मोनीच्या दाराशीं क्षणभर मुकाट्यानें उभा राहील, त्याच्या येण्यानें गांवाचें कांहीं बिघडत नाहीं. चांचे, सरदार, निराश्रित आणि कैदी असे नाना प्रकारचे पाहुणे ह्या बेटांनीं पाहिले आहेत. त्यांत समजून घेण्यास आलेला पाहुणा फार क्वचित् आला. तो आला, तर जागा अजून आहे.