ओट्याची उंची

जुन्या घरांचा इतिहास लिहिणारे खांब, चौकट, कोरीव काम यांवर थांबतात. स्वयंपाकघरात कोणी डोकावत नाही. घरातला सर्वांत मोठा बदल मात्र तिथेच झाला. बसून रांधणारी बाई उभी राहिली!

भंडाऱ्यातल्या आमच्या गल्लीत घरे एकमेकांना लागून आहेत. भिंती सामाईक, वर कवेलू. स्वयंपाकघर जेमतेम ८ फूट बाय ७ फूट. आईच्या काळी तिथे मातीची चूल, पाटा-वरवंटा आणि फडताळात पितळी भांडी. भंडारा पितळी भांड्यांसाठीच प्रसिद्ध, तेव्हा त्यात नवल नाही. सारे काम बसून चाले. शेजारीण आली की तीही पाट ओढून बसे आणि बोलता बोलता भाजी निवडून देई. पुढे १९८४ साली गॅस आला, त्यासाठी ओटा आला. कल्हई नको म्हणून स्टील आले. धूर गेला, हे फार चांगले झाले. पण बसणे संपले.

यंदा ते स्वयंपाकघर नव्याने करायला घेतले. मिस्त्री म्हणाला, "गुरुजी, ओटा ३२ इंच. सगळीकडे हेच माप." सौ.ची उंची ४ फूट १० इंच. शिवाय गुडघे दुखतात.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात घरांची टंचाई होती. तिथे मोठ्या प्रमाणावर नव्या वसाहती उभारल्या गेल्या, त्यांत ओळीने लागून असलेली घरेही होती. त्यांच्यासाठी १९२६ साली मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी सुमारे १.९ मीटर बाय ३.४ मीटरचे स्वयंपाकघर आखले. आगगाडीच्या डब्यातले छोटे स्वयंपाकघर त्यांच्या डोळ्यांसमोर होते. बाईला किती पावले टाकावी लागतात, कोणत्या कामाला किती वेळ लागतो, याचा त्यांनी हिशेब केला. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे झाली. त्यात एक फिरते स्टूल होते, बसून काम करण्यासाठी! पुढे टीकाही झाली, की तिथे एकाच माणसाला जागा, म्हणजे बाई एकटी पडली.

आम्ही दोन्ही गोष्टी लक्षात घेतल्या. खिडकीजवळचा ओटा २८ इंचांचा केला, त्याखाली पाय जातील अशी मोकळी जागा ठेवली. स्टुले दोन घेतली. दुसरे माझ्यासाठी. निवृत्त माणसाला भाजी चिरायला काय हरकत आहे? सामाईक भिंतीला हात लावला नाही, फडताळही तसेच ठेवले.

असो. तुमच्या घरचा ओटा कोणाच्या मापाचा आहे, एकदा घरात विचारून बघा.