उलाळ आणि धुरजड : वऱ्हाडातील कापसाची बंडी आणि बैलाच्या मानेवरचा भार

वऱ्हाडच्या कापसाचा इतिहास बहुधा गाठी, गिरण्या आणि आगगाड्या यांच्या आकड्यांत सांगितला जातो. शेतापासून आगगाडीपर्यंतचा टप्पा मात्र बैलांच्या मानेवरून पार पडत असे. त्या मानेवर नेमका किती भार पडावा, याचे एक शास्त्र होते. ते कोणी ग्रंथात लिहिले नाही. पण त्याचे दोन शब्द मराठीत टिकून राहिले आहेत. हा धागा त्या दोन शब्दांचा आहे.

पहिला शब्द ‘उलाळ’. दुचाकी गाडीत माल मागे जास्त झाला की पुढची बाजू वर उचलली जाते. अशी गाडी उलाळ झाली असे म्हणतात. दुसरा ‘धुरजड’. माल पुढे जास्त झाला की सगळा बोजा धुरेवर आणि तिथून जुवावर येतो. या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी योग्य जागा असते आणि ती दर खेपेला नव्याने शोधावी लागते.

यवतमाळकडे बैलगाडीला बंडी म्हणतात. माणसांच्या प्रवासासाठी दमणी, हलक्या वेगवान फेरीसाठी रेंगी, आणि ओझ्यासाठी बंडी. बंडीचे बांधकाम साधे असते: दोन मोठी चाके, त्यांना जोडणारा कणा, त्यावर साटी, पुढे निघालेली धुर आणि तिच्या टोकाला आडवे जू. चाके दोनच असल्यामुळे ही गाडी स्वतःच्या बळावर आडवी उभी राहू शकत नाही. तिचा तिसरा पाय म्हणजे बैलांची मान.

आता थोडे गणित. समजा बंडीत ५०० किलो सुटा कापूस भरला आहे आणि कण्यापासून जुवापर्यंतचे अंतर अडीच मीटर आहे. कापसाचा गुरुत्वमध्य कण्याच्या १० सेंटिमीटर पुढे असेल, तर जुवावर २० किलो भार येतो. म्हणजे प्रत्येक बैलाच्या वाट्याला १० किलो. तोच मध्य आणखी ५ सेंटिमीटर पुढे सरकला की जुवावरचा भार ३० किलो होतो. चार बोटांपेक्षा कमी फरक, आणि ओझे दीडपट! उलट मध्य कण्याच्या १० सेंटिमीटर मागे गेला, तर जू २० किलोच्या जोराने वर उचलले जाते आणि बैलाच्या गळ्याखालून जाणारा पट्टा त्याचा श्वास कोंडतो. धुरजड बंडी खांदा सोलते, उलाळ बंडी गळा आवळते.

हे गणित सपाट रस्त्याचे झाले. सुट्या कापसाची बंडी उंच भरलेली असते. तट्टे उभे करून, आत माणूस उतरून, कापूस तुडवत तुडवत वर चढवलेली. गुरुत्वमध्य कण्याच्या एक मीटर वर आहे असे धरले, तर दहास एक अशा चढावर तो सुमारे १० सेंटिमीटर मागे ढळतो. जुवावरचे २० किलो शून्यावर येतात आणि बंडी उलाळ होण्याच्या काठावर उभी राहते. तेवढ्याच उतारावर हा भार ४० किलो होतो. भरताना अगदी नेमकी तोललेली बंडी पहिल्या टेकडीवरच बेतोल होते.

यवतमाळच्या बाबतीत हा केवळ कल्पनेतला प्रश्न नव्हता. मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला, पण तो बडनेरा, धामणगाव, पुलगाव असा सखल भागातून गेला. यवतमाळ पठारावर राहिले. या जिल्ह्याला तेव्हा वणीवरून ‘वून’ म्हणत. १९०५ मध्ये तो यवतमाळ जिल्हा झाला. यवतमाळच्या कापसाला सर्वांत जवळचे मोठे स्थानक धामणगावचे, म्हणजे २९ मैल, सुमारे ४६ किलोमीटर दूर. पठार उतरून, बाभुळगाव मागे टाकून, हे अंतर बंड्यांनी कापायचे. यवतमाळला स्वतःची रेल्वे मिळाली ती विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात: किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीशी जोडलेली मूर्तिजापूर–यवतमाळ ही अडीच फुटी मार्गाची गाडी. पुढे लोकांनी तिला ‘शकुंतला’ म्हटले. तोवर रुळांअभावी जे अंतर उरत होते, ते बैलांनी भरून काढले.

त्याच्याही आधीची व्यवस्था वेगळी होती. बंजारा तांडे बैलांच्या पाठीवर गोणी लादून माल नेत. अमरावतीचा कापूस पाठीवरून थेट मिर्झापूरपर्यंत, सुमारे ५०० मैल जाई. १८४२ मध्ये एकाच व्यापाऱ्याने या वाटेने कलकत्त्याकडे एक लाख बैल-ओझी कापूस रवाना केला असे सांगितले जाते. पाठीवरच्या गोणीतही तोल होता, पण तो डावा-उजवा होता; दोन बाजू समान केल्या की काम झाले. सडका झाल्या, पाठीवरचे ओझे चाकांवर आले, एका जोडीकडून कितीतरी अधिक माल जाऊ लागला, आणि तोलाचा प्रश्न डाव्या-उजव्याचा न राहता पुढच्या-मागच्याचा झाला. चाकाने बैलाची पाठ मोकळी केली आणि मान गुंतवली, असे म्हणणे फारसे चूक ठरणार नाही.

मग धुरकरी चढावर काय करी? तो स्वतःला हलवी. ५० किलो वजनाचा माणूस कण्याच्या दीड मीटर पुढे, धुरेवर येऊन बसला, तर जुवावर ३० किलो भार वाढतो. चढावर उलाळ होऊ पाहणारी बंडी एवढ्याने ताळ्यावर येते. उतार लागला की तोच माणूस मागे सरकतो किंवा सरळ खाली उतरतो. चढावर धुरकरी पुढे झुकून बसलेला पाहून तो आळसावला असे एखाद्या साहेबाला वाटले असेल. प्रत्यक्षात तो त्या क्षणी यंत्राचा एक सुटा भाग म्हणून काम करत होता.

हाच प्रश्न अमेरिकेत वेगळ्या रूपात उभा राहिला. मोटारीमागे जोडायची प्रवासी घरे, म्हणजे ट्रेलर, दुसऱ्या महायुद्धानंतर मोठी आणि जड होत गेली. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार जोडणीच्या टोकावर असावा, असा संकेत तिथे रूढ आहे. त्याहून कमी झाला तर ट्रेलर मागे शेपटीसारखा हेलकावतो. जास्त झाला तर मोटारीचा मागचा भाग दबतो, पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू हाताला लागत नाही. यावर उपाय म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यावर भार वाटून देणारी जोडणी रुळली. तिच्यात पोलादी स्प्रिंगच्या दोन दांड्या ताणून बसवतात. त्या तरफेसारख्या काम करून टोकावरच्या भाराचा काही हिस्सा मोटारीच्या पुढच्या चाकांवर आणि काही ट्रेलरच्या स्वतःच्या कण्यावर ढकलतात. ही जोडणी निवडताना ट्रेलरचे नव्हे, टोकाचे वजन आधी मोजावे लागते. दांड्या त्या वजनाला साजेशा हव्यात. फाजील ताठ दांड्या गाडीला धक्के देतात, मऊ दांड्या भार उचलतच नाहीत. बंडीच्या बाबतीत मात्र भार वाटून द्यायला पुढे दुसरा कणाच नव्हता. पुढे बैल होते.

भारतातील कायद्याने या प्रश्नाकडे उशिरा आणि अर्धवट पाहिले. १९६५ च्या नियमांनी बैलाचा आकार आणि चाकाचा प्रकार यांनुसार ओढण्याच्या मालाची कमाल मर्यादा घातली. दिवसाला नऊ तासांहून अधिक काम नको, तापमान ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी १२ ते ३ जुंपणे नको, असेही सांगितले. (यवतमाळच्या वैशाखात हा शेवटचा नियम पाळायचा तर दुपार रोजच सुटीची.) पण मर्यादेचा तक्ता एकूण ओझ्याचा आहे. ओझे आत कुठे ठेवले, हे त्यात येत नाही. आणि वरचे गणित सांगते की ५०० किलोच्या दोन बंड्यांपैकी एक बैलाला सुसह्य असू शकते आणि दुसरी असह्य.

या मानेकडे अभ्यासकाच्या नजरेने पाहणाऱ्यांत एन. एस. रामस्वामी यांचे नाव घ्यावे लागते. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे संचालक असताना, १९७० च्या दशकात, त्यांनी बैलगाडीच्या सुधारणेचा प्रश्न लावून धरला. पारंपरिक जू मानेच्या लहानशा भागावर दाब देते आणि तिथे जखमा होतात, हा त्यांच्या मांडणीतील एक कळीचा मुद्दा. व्यवस्थापनशास्त्राच्या संस्थेच्या प्रमुखाने जुवाबद्दल बोलावे, याचे तेव्हा अनेकांना हसू आले असणार.

महाराष्ट्रात अगदी अलीकडचा प्रयत्न सांगली जिल्ह्यातला. इस्लामपूरजवळच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी ऊसवाहतुकीच्या बैलगाडीसाठी जुवाखाली तिसरे चाक बसवले. ‘सारथी’ नावाच्या त्या प्रकल्पाची छायाचित्रे २०२२ च्या जुलैत सर्वत्र फिरली. गाडीला चाकाचा तिसरा पाय मिळाला की मानेवरचा उभा दाब जमिनीत जातो; बैलाला उरते ते केवळ ओढणे. डांबरी सडकेवरून कारखान्याला जाणाऱ्या उसाच्या गाडीला ही युक्ती शोभते. यवतमाळच्या काळ्या कपाशीच्या रानात, पावसानंतरच्या चिखलात, ते छोटे चाक रुतण्याचीच शक्यता अधिक. तिथे अजूनही धुरकऱ्याचे बूड हीच जोडणी.

विदर्भात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी होते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद आणि लोणी किंवा तूप लावून, पळसाच्या पानांनी शेकून, दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण दिले जाते. हात फिरतो तो नेमका त्या जागी, जिथे जू टेकते. धुरजड बंडी कोणी किती वेळा हाकली, हे त्या दिवशी हाताला कळते.