अपाची खिंडीतील डाकचौकी : पाणी आणि संमती

वाळवंटातील मार्गांचा इतिहास अंतरापेक्षा पाण्याने अधिक ठरविला आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, आजच्या ॲरिझोना राज्याच्या आग्नेय भागातील अपाची खिंडीत १८५८ साली उभारलेली डाकचौकी हे याचे बोलके उदाहरण होय. डोस काबेझास व चिरिकाहुआ या पर्वतांमधील या खिंडीत खात्रीचा झरा होता. चौकीसाठी ही जागा निवडली गेली, ती या झऱ्यामुळेच.

१८५७ मध्ये जॉन बटरफील्ड व त्याच्या सहकाऱ्यांना सरकारी टपालाचा मक्ता मिळाला. मिसिसिपीच्या खोऱ्यापासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंतचे सुमारे २,८०० मैलांचे अंतर २५ दिवसांत, आठवड्यातून दोनदा तोडावयाचे आणि त्याबद्दल वर्षाला सहा लक्ष डॉलर घ्यावयाचे, असा तो करार होता. सप्टेंबर १८५८ मध्ये गाड्या सुरू झाल्या. ठिकठिकाणच्या चौक्यांवर ताजी जनावरे जोडून त्या रात्रंदिवस धावत. अपाची खिंडीतील चौकी म्हणजे दगडी भिंतीचे आवार, जनावरांची जागा, दाणावैरणीची कोठी आणि मूठभर नोकर, एवढाच पसारा होता.

असा पसारा चिरिकाहुआ अपाचींच्या मुलखात टिकला, तो बंदुकीच्या बळावर नव्हे. त्यांचा नायक कोचीस याने चौकीस हरकत घेतली नाही. उलट त्याचे लोक तेथे सरपण पुरवीत. ही संमती कोणत्याही करारपत्रात नोंदलेली नव्हती. तरीही टपालाचे येणेजाणे तिच्यावरच अवलंबून होते.

फेब्रुवारी १८६१ मध्ये ती तुटली. एका वसाहतवाल्याचा मुलगा व जनावरे पळविल्याचा आळ लेफ्टनंट जॉर्ज बॅस्कम याने कोचीसवर घेतला. वस्तुतः हे कृत्य दुसऱ्या अपाची टोळीचे होते. भेटीस बोलाविलेल्या कोचीसला अडकविण्याचा प्रयत्न होताच तो तंबू फाडून निसटला. त्याचे आप्त मात्र ओलीस राहिले. कोचीसने चौकीचा नोकर जेम्स वॅलेस व इतर काही जणांना धरले. अदलाबदल जमली नाही. वॅलेस आणि इतर ओलीस मारले गेले. कोचीसच्या भावासह सहा अपाचींना सैन्याने फाशी दिले.

पुढच्याच महिन्यात काँग्रेसने टपालाचा मार्ग उत्तरेकडे हलविला. त्याचे कारण यादवी युद्धात शोधले पाहिजे, या प्रसंगात नव्हे. परंतु संमती गमावल्याचा परिणाम मार्ग बदलल्याने टळला नाही. जुलै १८६२ मध्ये कॅलिफोर्नियाचे स्वयंसैनिक तहानलेले खिंडीत आले, तेव्हा झऱ्याचे पाणी त्यांना तोफा डागून मिळवावे लागले. त्याच महिन्यात तेथे फोर्ट बोवी हे लष्करी ठाणे बसले आणि ते १८९४ पर्यंत राहिले.

मूठभर नोकरांनी जेथे सुमारे अडीच वर्षे टपाल चालविले, तेथे पाण्याच्या रक्षणासाठी पुढे ३२ वर्षे फौज ठेवावी लागली. चौकीचे उरलेले दगडी पाये पाहताना हा हिशेब विसरता येत नाही.