ओंगारचा कालवा आणि इंजिनाचा हिवाळा

डब्लिनच्या पश्चिम कडेवरील ओंगारच्या परिसरात बोटीच्या इंजिनाची हिवाळी निगा ही अलीकडची रीत आहे. दक्षिणेला क्लॉन्सिलामधून जाणारा रॉयल कॅनॉल मात्र दोन शतकांहून जुना. त्याचे खोदकाम 1790 मध्ये सुरू झाले आणि 1817 मध्ये तो शॅनन नदीला जाऊन मिळाला. कॅसलनॉक ते क्लॉन्सिला हा टप्पा खडक फोडून काढावा लागला. तिथे घोडे उंच काठावरून दोर ओढत आणि नाव खालच्या अरुंद घळीतून जाई. 25 नोव्हेंबर 1845 रोजी याच टप्प्यात 'लाँगफर्ड' ही प्रवासी नाव खडकाला लागून उलटली आणि अनेक उतारू बुडाले.

त्याच वर्षी मिडलंड ग्रेट वेस्टर्न रेल्वेने कालवा विकत घेतला. कंपनीला हवी होती ती रुळांसाठी काठाची जमीन. नौकांवर खर्च करण्यात तिला रस नव्हता. पुढे शेजारच्या ग्रँड कॅनॉलवरील नावांना बोलिंडर बनावटीची इंजिने आली, तरी रॉयलवर बराच काळ घोडेच राहिले. घोड्याला हिवाळ्यात तबेला आणि वैरण पुरते. ओंगारची ओळखही घोड्यांचीच: पुण्याचा आगा खान पॅलेस ज्या घराण्याने बांधला, त्याच घराण्याची घोडेपैदाशीची जागा इथे होती, आताची वस्ती तिच्यानंतरची.

रॉयल कॅनॉलवरची मालवाहतूक 1951 मध्ये थांबली आणि 1961 मध्ये नौकांना तो अधिकृतपणे बंद झाला. 1974 पासून स्वयंसेवकांनी गाळ उपसायला घेतला, पण कालवा पूर्ण लांबीने पुन्हा खुला व्हायला 2010 साल उजाडले. मधल्या काळात आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवायचे इंजिन, बदलले होते. होंडाने 1964 मध्येच फोर-स्ट्रोक आउटबोर्ड काढले. धूर आणि प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर टू-स्ट्रोक मागे पडले.

हिवाळी निगेच्या दृष्टीने हा बदल मोठा: टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलबरोबर जळून जाते. फोर-स्ट्रोकमध्ये ते तळाशी साठून राहते आणि वापरलेल्या तेलातले आम्ल व ओल महिनोन् महिने बेअरिंग खातात. म्हणून तेल बदलायचे ते हिवाळ्यासाठी इंजिन ठेवून देण्याआधी, वसंतात नव्हे. आयर्लंडमध्ये 2023 पासून पेट्रोलमध्ये 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते पाणी ओढून घेते. त्यामुळे टाकीत स्टॅबिलायझर घालून इंजिन थोडे चालवतात, कार्बुरेटर असल्यास तो रिकामा करतात. गिअरचे तेल दुधाळ दिसले तर सील गळते आहे. आत शिरलेले पाणी गोठून फुगले की कवच तडकते. इंजिन उभेच ठेवावे, म्हणजे थंडावणीचे पाणी निथळते आणि तेल सिलिंडरमध्ये उतरत नाही.

कोकणात 1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीच्या 61 दिवसांसाठी नौका किनाऱ्यावर ओढून शाकारतात. तिथे वैरी पाऊस, इथे गोठण. पण गोड्या पाण्यातल्या इंजिनाला मिठाचा त्रास नसतो, एवढा ओंगारकरांचा फायदा. एरवी ही सारी कामे पहिल्या कडक थंडीच्या आत उरकावीत. डोक्यावर छप्पर असले तरी आत राहिलेले पाणी गोठतेच.