इंजिनात पाणी शिरणे

पुराचे किंवा रस्त्यावर साचलेले पाणी वाहनाच्या इंजिनात गेल्याने होणारा बिघाड. बुलढाणा जिल्ह्यात तो मुख्यतः उत्तरेकडे, पूर्णेच्या खोऱ्यात आढळतो. सातपुड्यावर जोराचा पाऊस झाला की जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतले नदीनाले बघताबघता दुथडी भरतात. जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत या भागातील गावांत आणि शेतांत पाणी शिरले होते. दक्षिणेला मेहकरकडे पैनगंगा चढते. पूर ओसरला तरी काळ्या मातीचा बारीक गाळ मागे राहतो, आणि इंजिनाला तोही पाण्याइतकाच घातक.

पाणी बहुधा एअर फिल्टरच्या वाटेने सिलिंडरमध्ये उतरते. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबलेच जात नाही. त्यामुळे वर येणारा पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. त्याला फार पाणी लागत नाही. ५०० घन सेंटिमीटरच्या डिझेल सिलिंडरमध्ये दाबाचे गुणोत्तर १८:१ धरले, तर पिस्टन पूर्ण वर आल्यावर जेमतेम २९ मिलिलिटर जागा उरते. तेवढ्याच सिलिंडरच्या १०:१ पेट्रोल इंजिनात ती सुमारे ५५ मिलिलिटर असते. पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घातली, की धावत्या इंजिनाने एवढे पाणी ओढायला क्षणही पुरतो.

उभी, बंद गाडी बुडाली तर रॉड सहसा शाबूत असतो. पाणी उतरल्यावर घाईने सेल्फ मारला किंवा धक्का देऊन गाडी सुरू केली, म्हणजे तो वाकतो. पुरानंतरचे सर्वांत महागडे नुकसान असे माणसाच्या हातून होते, आणि ते पूर्ण टाळता येते.

बॅटरीची तार सोडवून गाडी न्यूट्रलमध्ये ओढत गॅरेजला न्यावी. मिस्त्री पेट्रोल इंजिनाचे प्लग, डिझेलचे नोझल काढून क्रँक हाताने फिरवतो. पाणी त्या छिद्रांतून बाहेर पडते. डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. ऑइल व फिल्टर बदलून इंजिन थोडा वेळ चालवावे आणि ऑइल पुन्हा बदलावे, कारण पहिल्या खेपेत सगळा ओलावा निघत नाही. डिझेलच्या टाकीत पाणी तळाशी बसते, म्हणून ती पूर्ण रिकामी करावी. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचे तेल बदलायचे हमखास विसरले जाते. जुन्या ट्रॅक्टरच्या ऑइल बाथ एअर क्लीनरची वाटी उतरवून गाळ धुवावा, नवे तेल भरावे. इंजिनातले पाणी काढण्याचे काम लांबले तर पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरला धरतात आणि इंजिन खोलण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

सर्वसमावेशक विम्यात पुराची हानी धरली जाते. बुडालेले इंजिन सुरू करण्याच्या प्रयत्नात झालेला बिघाड मात्र इंजिन संरक्षणाचे जादा कलम नसेल तर बहुधा नाकारला जातो. केवळ तृतीय पक्ष विमा असलेल्या वाहनाला पुराची भरपाई मिळत नाही.