तेंगारोंग : राजा गेला, बुपाती आला, नदी तीच

आपल्या जिल्ह्यातल्या लोकांनी इंडोनेशियातल्या एका जिल्ह्याच्या गावाबद्दल का वाचावं, असा प्रश्न पडेल. उत्तर आपल्या वीजबिलात आहे. बिलावर 'इंधन समायोजन आकार' नावाची एक ओळ असते. आयात कोळसा महागला की ती फुगते. त्या ओळीवर बातमी करताना कोळसा नेमका येतो कुठून ते बघायला बसलो. बराचसा इंडोनेशियातून येतो आणि भारत त्यांच्या मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक आहे. पुढे शोधत गेलो तर बोर्निओ बेटावरची महाकाम नदी लागली आणि तिच्या काठावर हे तेंगारोंग.

मी तिथं गेलेलो नाही. पण वीस वर्षं कलेक्टर कचेरी आणि जिल्हा परिषदेच्या पायऱ्या झिजवल्यावर जिल्ह्याचं गाव लांबूनही ओळखता येतं. तेंगारोंग हे कुताई कार्तानगारा जिल्ह्याचं मुख्यालय. तिथं जिल्ह्याला म्हणतात काबुपातेन आणि जिल्ह्याच्या प्रमुखाला बुपाती. शब्द ओळखीचा वाटला ना? आपला भूपती तो हाच. मात्र हा भूपती कलेक्टरसारखा वरून बदलून येत नाही, लोक त्याला मतदानाने निवडतात. म्हणजे आपला कलेक्टर आणि झेडपी अध्यक्ष एकाच खुर्चीत बसवले तर जे होईल ते. जिल्हा केवढा, तर सुमारे २७ हजार चौरस किलोमीटर. आपला सगळ्यात मोठा जिल्हा अहिल्यानगर १७ हजारांचा आहे. एवढ्या मुलखात माणसं मात्र सात लाखांच्या आसपास. बाकी जंगल, दलदल, तळी, पाम तेलाचे मळे आणि खाणी.

आता इतिहास. इथं व्हॉट्सॲपवाले आधीच पोचलेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तेंगारोंगहून नदीने वर गेलं की मुआरा कामान नावाचं गाव लागतं. तिथं एकूण सात दगडी खांब सापडले, चार १८७९ च्या सुमारास आणि तीन १९४० मध्ये. त्यावर संस्कृत श्लोक कोरलेत. लिपी दक्षिण भारतातली, जिला पल्लव म्हणायची पद्धत आहे. साल कोरलेलं नाही, पण अक्षरांच्या वळणावरून अभ्यासक ते इसवी सन ४०० च्या आसपासचे धरतात. आजच्या इंडोनेशियात सापडलेलं हे सगळ्यात जुनं लिखाण मानलं जातं. खांब म्हणजे यूप, यज्ञात पशू बांधायचा तो. मजकूर मूलवर्मन राजाचा. त्याने बहुसुवर्णक नावाचा यज्ञ केला, वप्रकेश्वर या पुण्यक्षेत्री ब्राह्मणांना वीस हजार गाई दिल्या, जमिनी दिल्या, वगैरे.

यावरून आपल्याकडे लगेच 'भारताने बोर्निओ जिंकलं' अशा पोस्टी फिरतात. मजकूर नीट वाचला तर तसं काही निघत नाही. मूलवर्मनच्या बापाचं नाव अश्ववर्मन, पण आजोबाचं नाव कुंडुंग. हे नाव संस्कृत नाही, तिथलंच आहे. आणि वंशकर्ता कोणाला म्हटलंय, तर आजोबाला नाही, बापाला. म्हणजे स्थानिक सरदाराचं घराणं होतं, दुसऱ्या पिढीत त्याने संस्कृत नाव घेतलं, पुरोहित बोलावले, आणि तिसऱ्या पिढीत दानाचा दगड उभा केला. कोणी जिंकायला आलं नव्हतं. सत्ता वाढली की तिला एक भारदस्त भाषा लागते. तेव्हा ती संस्कृत होती.

माझ्यातल्या बातमीदाराला मात्र वेगळीच गोष्ट टोचते. त्या मुलखातलं पहिलं लिखाण कशाबद्दल आहे? सत्तेवरच्या माणसाने कोणाला काय दिलं, याबद्दल. गाई किती, जमीन दिली की नाही. थोडक्यात, सरकारी वाटपाची नोंद. हे लक्षात ठेवा, मुआरा कामान पुन्हा येणार आहे.

मधली हजार-बाराशे वर्षं भराभर पुढे नेतो. साधारण १३०० च्या सुमारास नदीच्या मुखाकडे कुताई लामा इथं दुसरं राज्य उभं राहिलं, ते कुताई कार्तानगारा. सोळाव्या शतकात त्या घराण्याने इस्लाम स्वीकारला. सतराव्या शतकात त्याने वरच्या अंगाचं मुआरा कामानचं राज्य जिंकून घेतलं. खालचा वरच्याला गिळतो, यात नवल काही नाही. जंगलातला माल नदीनेच उतरतो आणि मुख ज्याच्या हातात, जकात त्याच्या हातात.

तेंगारोंग वसलं ते २८ सप्टेंबर १७८२ रोजी. सुलतान मुहम्मद मुसलिहुद्दीनने राजघराण्यातली भांडणं निस्तरून राजधानी इथं हलवली. त्याचं घरगुती नाव आजी इंबुत. हसू नका, आजी ही तिथल्या राजघराण्याची पदवी आहे, सगळे राजपुत्र आजीच. जुनं नाव तांगा आरुंग, म्हणजे राजाचं घर असं सांगतात. बोलता बोलता त्याचं तेंगारोंग झालं. गावचा वाढदिवस आजही २८ सप्टेंबरलाच असतो.

मग गोरे आले. फेब्रुवारी १८४४ मध्ये अर्स्किन मरे नावाचा एक स्कॉटिश गृहस्थ दोन जहाजं घेऊन थेट तेंगारोंगला येऊन थडकला. त्याला व्यापारासाठी जागा हवी होती. सुलतान ऐकेना. तोफा चालल्या, नदीतून परत पळताना मरे मारला गेला. कुताईवाले जिंकले खरे, पण इंग्रज आपल्या आधी घुसतात की काय या धास्तीने डच जागे झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी सुलतानाकडून करार करून घेतला. लढाई जिंकून राज्य गमावण्याचं असं उदाहरण विरळच. सुलतान तेंगारोंगच्या महालात राहिला, पण डचांनी आपलं ठाणं खालच्या अंगाला समारिंदाला ठेवलं. आज समारिंदा प्रांताची राजधानी आहे.

करार झाला आणि जमिनीखालचं दिसायला लागलं. १८८० च्या दशकात मेंटेन नावाच्या डच खाण-इंजिनिअरने सुलतानाकडून कोळशाचे परवाने मिळवले. १८९७ मध्ये नदीच्या खालच्या भागात सांगा-सांगाला तेल लागलं. सुलतानाला त्याचा वाटा मिळायचा. १९३० च्या दशकात लाकडी महालाच्या जागी डचांनी बांधलेला काँक्रीटचा पांढरा महाल उभा राहिला. त्यात राहणाऱ्या सुलतानाचं नाव होतं पारिकेसित. होय, आपला परीक्षित! सुलतान मुसलमान, नाव महाभारतातलं, घर डच पद्धतीचं. तिथल्या कुणाला यात विसंगती वाटत नाही. आज त्या महालात संग्रहालय आहे आणि त्याचं नाव मूलवर्मन.

देश स्वतंत्र झाला, पण सुलतानाचा कारभार दहा वर्षं रेंगाळला. १९५९ च्या कायद्याने कुताईचे तीन तुकडे झाले : तेलाचं बालिकपापान, बंदराचं समारिंदा आणि उरलेला कुताई जिल्हा. २१ जानेवारी १९६० ला तेंगारोंगच्या महालातच सुलतान पारिकेसितने तिघांच्या हाती कारभार सोपवला. राजा पायउतार झाला आणि त्याच गावात बुपाती बसला. पुढची चाळीस वर्षं हे एक साधं जिल्ह्याचं गाव होतं. तेल, गॅस, लाकूड समोरच्या नदीतून जायचं, पैसा जकार्ताला.

१९९८ ला सुहार्तो गेला आणि चित्र उलटलं. विकेंद्रीकरणाचे कायदे आले, २००१ पासून अंमल सुरू झाला. तेलाच्या करोत्तर उत्पन्नातले १५ टक्के, गॅसमधले ३० टक्के आणि खाणींच्या रॉयल्टीतले ८० टक्के केंद्राकडून खाली यायला लागले, आणि जिथून माल निघतो त्या जिल्ह्याला त्यातला थेट हिस्सा. शिवाय कोळशाचा परवाना द्यायचा अधिकार बुपातीला. आपल्याकडे वाळूघाटाच्या लिलावात काय काय होतं ते तुम्ही रोज बघता. इथं वाळूच्या जागी कोळसा ठेवा.

तेंगारोंग एका रात्रीत देशातल्या सगळ्यात श्रीमंत जिल्ह्यांपैकी एकाचं गाव झालं. नदीतल्या कुमाला बेटावर मनोरंजन पार्क झाला, मनोरा झाला. लेंबुस्वानाचा पुतळा झाला (हा तिथला पौराणिक प्राणी : हत्तीची सोंड, गरुडाचे पंख, अंगावर माशाचे खवले). मोठं स्टेडियम झालं. २००१ मध्ये सुलतानपदसुद्धा समारंभाने परत आलं, अर्थात मानापुरतं. आणि महाकामवर झुलता पूल झाला, ७१० मीटर लांबीचा. लोक त्याला कौतुकाने सॅन फ्रान्सिस्कोच्या पुलाची उपमा देत.

२६ नोव्हेंबर २०११, शनिवार, दुपारचे चार वाजून गेलेले. पुलाच्या दुरुस्तीचं काम चालू होतं. मुख्य केबलला टांगलेल्या, रस्ता उचलून धरणाऱ्या दोऱ्या ताणायचं काम. वाहतूक पूर्ण बंद केलेली नव्हती. जोडणीतला एक भाग तुटला, भार शेजारच्यावर गेला, तो तुटला, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत सगळा रस्ता, त्यावरच्या मोटारी, बस, दुचाकी नदीत. वीसहून जास्त माणसं गेली. पूल दहा वर्षांचा होता. शंभर नाही, दहा.

त्यानंतर चार वर्षं लोक होड्यांतून आणि फेरीतून नदी ओलांडत होते. शाळेची पोरं, बाजाराला जाणाऱ्या बाया, कचेरीतले कारकून. श्रीमंत जिल्ह्याच्या मुख्यालयात! नवा पूल डिसेंबर २०१५ ला सुरू झाला. या वेळी झुलता नाही, लोखंडी कमानीचा.

मी नियोजन समितीच्या बैठकांना बसतो, म्हणून ठामपणे सांगतो : पूल बांधायला पैसा मिळतो, पूल तपासायला मिळत नाही. उद्घाटनाची पाटी असते, बोल्ट आवळल्याची पाटी कुठं लावतात का?

आता बुपाती. इंडोनेशियात जनतेने थेट निवडून दिलेला पहिला बुपाती याच जिल्ह्याचा, २००५ सालचा सौकानी हसन रईस. लोकशाहीचा नमुना म्हणून देशभर कौतुक झालं. दोन वर्षांत भ्रष्टाचाराच्या खटल्यात शिक्षा झाली, सुप्रीम कोर्टाने ती वाढवून सहा वर्षं केली, नंतर आजारपणामुळे राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली. माफी मिळाली त्याच वर्षी, २०१० ला, त्यांची मुलगी रीता विद्यासारी त्याच खुर्चीवर निवडून आली. पूल पडला तेव्हा त्याच होत्या, २०१५ ला पुन्हा निवडून आल्या. २०१७ ला तिथल्या भ्रष्टाचारविरोधी आयोगाने त्यांना पकडलं आणि २०१८ ला दहा वर्षांची शिक्षा झाली. आरोपांतला एक मुख्य भाग होता पाम तेलाच्या मळ्याला दिलेला जागेचा परवाना. जागा कुठली? मुआरा कामान तालुक्यातली.

तेच मुआरा कामान. मूलवर्मनने जमीन दिली तेव्हा ती दगडावर कोरून चारचौघांत उभी केली होती. या वेळची नोंद कोर्टाच्या निकालपत्रात झाली.

आपल्याला वाटेल, दोन भ्रष्ट पुढारी, गोष्ट संपली. तशी ती संपत नाही. परवाने २००० नंतर वाटले गेले, ते अधिकार पुढे प्रांताकडे आणि मग केंद्राकडे गेले, पण खणलेले खड्डे तिथंच आहेत. कोळसा काढून झाला की खड्डा बुजवायचा असा नियम आहे. बरेच बुजवलेले नाहीत. पावसाचं पाणी भरतं आणि हिरवंनिळं तळं दिसतं. २०११ पासून पूर्व कालिमंतान प्रांतात अशा खड्ड्यांत तीसहून जास्त जण बुडाले, बहुतेक मुलं, आणि बहुतेक समारिंदा आणि कुताई कार्तानगारातली. हे खड्डे खेळायच्या अंतरावर आहेत, शाळेच्या, घराच्या जवळ.

नदीचीही तीच गत. महाकाममध्ये पेसुत नावाचा डॉल्फिन राहतो, आपल्या चिलिका सरोवरात आहे त्याच जातीचा. आता ऐंशीच्या आत उरलेत. वरच्या अंगाला मुआरा कामानच्या आसपासच दिसतात, आणि त्यांच्या डोक्यावरून कोळशाच्या बार्जा जात असतात. जानेवारी २०२२ मध्ये इंडोनेशियाने स्वतःच्या वीजकेंद्रांना कोळसा पुरेना म्हणून महिनाभर निर्यातच बंद केली होती. कोळशाच्या देशात कोळशाची टंचाई! 

आता नवी घडामोड. इंडोनेशियाची राजधानी जकार्ताहून बोर्निओत हलवायचं २०१९ ला जाहीर झालं, २०२२ ला कायदा झाला. नाव नुसांतारा. त्यासाठी सुमारे अडीच लाख हेक्टर जमीन घेतली, त्यातली काही तेंगारोंगच्या जिल्ह्यातून कापून, सांबोजा, मुआरा जावा, लोआ कुलू या भागांतली. तिथली कचेरीची कामं आज ना उद्या तेंगारोंगमधून जाणार. १९५९ ला तुकडे पडले, १९९९ ला पुन्हा पडले, हा तिसरा. दर वेळी ज्या तुकड्यात पैसा आहे तोच वेगळा निघतो, आणि तेंगारोंगकडे उरतो लांबलचक मुलूख आणि नदी.

गावात एराउ नावाचा उत्सव होतो, सुलतानाच्या काळापासूनचा. शेवटच्या दिवशी दोन मोठे नाग नदीतून कुताई लामाला नेऊन सोडतात आणि मग सगळं गाव एकमेकांवर पाणी उडवतं. साहेब, कारकून, पाहुणा, कोणी सुटत नाही. ते सात यूप मात्र या सगळ्यापासून लांब आहेत. अस्सल खांब जकार्ताच्या राष्ट्रीय संग्रहालयात, तेंगारोंगच्या महालात त्यांच्या प्रतिकृती. राजधानीच जर बोर्निओत येणार असेल तर ते खांबही परत आणा, अशी मागणी मी तिथला पत्रकार असतो तर पहिल्याच दिवशी लावून धरली असती.